किती टक्क्यांवर उठलीस?

हिरा नाखवा या बाईने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, आणि त्याचं खरं उत्तर मी तिला फार उशिरा दिलं. प्रश्न असा: "किती टक्क्यांवर उठलीस?"

ठाण्याच्या आमच्या कारखान्यात सलाईनच्या बाटल्या बनत. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये केमिस्ट, नवीनच लागलेली, कोपरहून येणारी. हिराताई कॉम्प्युटर रूममध्ये ऑपरेटर, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून जायची एक थंडगार खोली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत. आज्ञा टाईप करायची आणि उत्तर ओळीओळीने पडद्यावर वर सरकत जाताना बघायचं. पडद्यावर चोवीस ओळी मावत. उत्तर दोन हजार ओळींचं असलं तर बाकीच्या वरून नाहीशा व्हायच्या, आणि तुमच्या हाती राहायचं फक्त शेपूट.

म्हणून उत्तर आधी फाईलमध्ये साठवायचं आणि मग पानापानाने बघायचं. एक पान दिसलं की मशीन थांबे. तळाला ‘मोर’ अशी अक्षरं आणि शेजारी आकडा येई, फाईल किती टक्के बघून झाली त्याचा. स्पेस दाबली की पुढचं पान, बी दाबलं की मागचं, क्यू दाबलं की बाहेर. कारखान्यात क्यू दाबणाऱ्यांचाच भरणा जास्त होता. पहिलं पान बघायचं, दुसरं बघायचं, "ठीक दिसतंय" म्हणायचं आणि क्यू. अशा माणसाला हिराताई दारातच गाठायची.

"किती टक्क्यांवर उठलीस?"

"अहो हिराताई, सगळं नीट आहे."

"ते नाही विचारलं. आकडा सांग."

मी स्वभावाने उतावळी. माझे आकडे बारा, पंधरा, फार तर वीस. ती हसायची नाही, रागवायचीही नाही. पुन्हा खुर्चीकडे बोट करायची, की झालंच.

ती चेंदणी कोळीवाड्यातली. कारखान्यात आली ती पॅकिंगला, बाटल्यांवर लेबलं चिकटवायला. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत काचेबाहेर उभी राहून बघायची. मग काचेच्या आत उभी राहून बघायला लागली. मग एक दिवस ऑपरेटर रजेवर गेला आणि साहेबलोक हात चोळत बसले असताना हिने बसून काम उरकलं. तेव्हापासून ती खुर्ची तिची. अकरावी पास बाईला पदवीधरांच्या बरोबरीची खुर्ची मिळाली, याच्या मिरच्या काही जणांच्या नाकाला झोंबल्या होत्या. ते तिला माहीत होतं. ती एकदा मला म्हणाली, "शुभा, ही खुर्ची मला कोणी दिली नाही, मी मिळवली. गेली तर परत लेबलं." एवढंच म्हणाली आणि डबा उघडला.

खोक्याच्या पुठ्ठ्याची एक पट्टी तिच्या टेबलावर कायम असायची. पान आलं की ती पट्टी पडद्याच्या काचेला लावायची आणि एकेका ओळीने खाली आणायची. ओठ हलायचे. फाईल बघून झाली, की छोट्या वहीत तारीख लिहायची, फाईलचं नाव लिहायची आणि पुढे आकडा. जवळजवळ सगळीकडे शंभर. मधे कशाने उठावं लागलं तर जो असेल तो.

"एवढं कशाला हो?" मी विचारलं होतं.

"आमचा बापूस खाडीत जाळं टाकायचा. जाळं कधी झटकायचा नाही, हाताहाताने मोकळं करायचा. शिंगाळा मासा असतो ना आत, त्याचा काटा दिसत नाही. लागला की रात्रभर बोंब." मग जरा थांबून म्हणाली, "काटा नेहमी वरच्या पदरात नसतो गो."

आमच्या क्वालिटी मॅनेजरांना, कर्णिकसाहेबांना, हे सगळं फाजील वाटे. उंच, टापटीप, शर्टाच्या खिशात दोन पेनं. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. पण त्यांना उत्तर लागायचं ते त्यांच्या पेनाचं टोपण उघडायच्या आत. एकदा हिराताई जेवायला गेलेली असताना ते स्वतःच बसले. पानापानाने बघायची आज्ञा त्यांना ठाऊक नव्हती. ओळी भराभर पळायला लागल्या, घाबरून त्यांनी चार-पाच कळा एकदम दाबल्या, आणि पडदा जागच्या जागी गोठला. काही केल्या हलेना. मशीन बिघडवलं या कल्पनेने साहेबांची पाचावर धारण बसली. ते मेन स्विचच बंद करायला निघाले होते. तेवढ्यात हिराताई आली. डाव्या हातात अर्धी भाकरी तशीच, उजव्या हाताने तिने कंट्रोलच्या कळीबरोबर क्यू दाबलं आणि ओळी पुन्हा पळायला लागल्या.

"काय झालेलं?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"काही नाही. तुम्ही त्याला थांब म्हणालात, ते थांबलं. चल म्हणायचं राहिलं."

आम्ही तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालो. साहेब मात्र हे विसरले नाहीत.

माझं लग्नसुद्धा या बाईमुळेच टिकलं, म्हणजे व्हायच्या आधी. साखरपुड्यानंतर सासूबाईंचं आंतरदेशीय पत्र आलं. "लग्नानंतर नोकरीचं कसं करायचं ते बघावं लागेल," असं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कॅन्टीनमध्ये मी जाहीर केलं की हे लग्न मोडलं. हिराताईने पत्र हातात घेतलं, पूर्ण वाचलं, आणि दुमडायच्या पट्टीवर आतल्या बाजूने लिहिलेल्या दोन ओळी माझ्यापुढे धरल्या. "डोंबिवलीतच जागा बघतो आहोत, म्हणजे तुला ठाणं जवळ पडेल." मी लाजेने लाल झाले. तिने पत्र घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवलं. "साठावर उठलेलीस," म्हणाली.

आता त्या दिवसाबद्दल.

बाटल्या भरल्या की मोठ्या बंद ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करत. एका घाण्याला लोड म्हणत. आतलं तापमान एकशे एकवीसवर ठराविक वेळ राहिलं पाहिजे. मधेच उतरलं तर त्या बाटल्यांतलं पाणी माणसाच्या रक्तात सोडण्याच्या लायकीचं नाही. दर अर्ध्या मिनिटाचं तापमान कॉम्प्युटरमध्ये नोंदलं जाई. हिराताई ती नोंद वाचून चिठ्ठी देई, कर्णिकसाहेब सही करत, मग माल निघे.

त्या सकाळी दोन दिवसांच्या सोळा लोडांची फाईल तिच्यापुढे होती. मी शेजारी रजिस्टर घेऊन बसले होते. पुण्याच्या एका हॉस्पिटलचे दोन फोन येऊन गेले होते: सलाईन संध्याकाळपर्यंतच पुरेल, गाडी कुठाय? साडेबाराच्या सुमारास कर्णिकसाहेब दारात आले.

"नाखवाबाई, ट्रक उभा आहे. चिठ्ठी द्या."

"साहेब, थोडं राहिलंय."

"आजवर कधी काही निघालंय का? तिकडे पेशंट पडलेत. चिठ्ठी द्या म्हणतो ना!"

हिराताईने पडद्याच्या तळाकडे बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी दिली. साहेब दाराशी होते आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर. प्रत्येक शब्द मी ऐकला. हे लक्षात ठेवा.

साहेबांनी लगेच तिला दुसऱ्या कामाला बसवलं. ट्रक गेला. आणि जेवणाच्या सुट्टीत बॉयलरवरचे मढवी माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि भाताचा गोळा करता करता सहज म्हणाले, "काल दुपारी स्टीमचं प्रेशर पडलेलं ना मॅडम. वाल्व धरत नव्हता. मी फोरमनला सांगितलेलं, तुमच्यापर्यंत आलं ना?"

आलं नव्हतं. मी ताट तसंच टाकून धावले.

कॉम्प्युटर रूममध्ये पाच मिनिटांत आम्ही तिघं जमलो. कर्णिकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी थांबवायची, तर तिकडे वॉर्डात संध्याकाळी सलाईन नाही. जाऊ द्यायची, तर त्यातल्या कुठल्या खोक्यात काय आहे कोण जाणे. मार्ग एकच होता. ड्रायव्हर नेहमी शीळफाट्याला एका हॉटेलात चहाला थांबे, तिथे फोन होता. लोडचा नंबर खोक्यावर छापलेला असे. बिघडलेला लोड कोणता ते कळलं तर तेवढी खोकी उतरवून बाकी गाडी पुढे सोडता आली असती. मुंब्र्यात गर्दी लागली असली तर हाताशी अर्धा तास होता, नसली तर तोही नाही.

"कुठपर्यंत वाचलेलं?" साहेबांनी विचारलं.

हिराताईने वही उघडली. "बासष्ट. काल दुपारच्या आधीपर्यंतचं सगळं नीट आहे. पुढचं वाचलेलं नाही."

"सर्च मारा! तापमान कमी झालं तर मशीन ‘लो’ लिहितं ना? ते शोधा!"

मीच पुढे वाकून टाईप केलं. मशीनने उत्तर दिलं, सापडलं नाही. साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की माझ्याही जिवात जीव आला.

"नाही ना? झालं तर मग!"

"तुम्ही ‘लो’ विचारलंत," हिराताई म्हणाली, "त्याने ‘लो’ नाही म्हणून सांगितलं. तेवढंच." आणि तिने पुठ्ठ्याची पट्टी काचेला लावली.

त्या पुढची दहा-बारा मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. पट्टी वरून खाली यायची. स्पेस. पुन्हा वरून खाली. एकशे एकवीस, एकशे एकवीस, एकशे एकवीस पूर्णांक दोन. तळाला अडुसष्ट टक्के. साहेब येरझारा घालत होते. एकाहत्तर. "अहो, भराभर न्या की!" पंचाहत्तर. साहेबांचा हात स्पेसकडे आला, तो तिने पट्टीने झटकला. साहेबांचा हात! मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण साहेबांनी हात मागे घेतला. एकोणऐंशी. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. त्र्याऐंशी.

पट्टी थांबली.

"हे बघ गो," ती म्हणाली. गडबडीत तिची बोली वर यायची.

मला काहीच दिसेना. सगळे आकडे एकशे एकवीसच.

"तापमान नको बघू. वेळ बघ."

दोन चाळीस. दोन चाळीस तीस. आणि त्याखालची ओळ थेट दोन एक्कावन्न. मधली दहा मिनिटं फाईलमध्ये नव्हतीच. नंतर कळलं की प्रोग्राम लिहिणाऱ्याने फारच उतरलेला आकडा म्हणजे सेन्सरची चूक असं धरून तशा ओळी गाळायची सोय करून ठेवली होती. जी ओळ लिहिलीच नाही, ती कुठल्या सर्चला सापडणार? ती फक्त वाचणाऱ्याला सापडते.

"लोड चौदा," हिराताई म्हणाली. साहेब खाली ऑफिसातल्या फोनकडे धावले. मीही उठले.

"कुठे निघालीस?"

"सापडलं ना!"

"अजून सतरा टक्के आहेत."

मला तिचा संताप आला. खरंच आला. खाली साहेब ओरडून शीळफाट्याचा नंबर मागत होते, मला ते ऐकायचं होतं, आणि ही बाई पट्टी लावून बसलेली. पण तिला एकटीला टाकून जायचं धाडसही होईना. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. खालून साहेबांचा आवाज आला, "हॅलो! हां, लाल ट्रक! पोचला? ड्रायव्हरला द्या!" पंच्याण्णव.

सत्त्याण्णव टक्क्यांवर पट्टी पुन्हा थांबली. चार दहा, आणि खाली चार सोळा.

"सोळा!" ती ओरडली. "लोड सोळापण! पळ!"

मी अनवाणी जिना उतरले, दोन दोन पायऱ्या. साहेब रिसीव्हर ठेवतच होते. "फक्त चौदा नंबरची खोकी, बरं का," म्हणत होते. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर हिसकावला आणि ओरडले, "सोळा पण! चौदा आणि सोळा!" पलीकडून ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "लिहितो मॅडम, कशाला बोंबलता?"

दोन्ही लोडची खोकी शीळफाट्याला हॉटेलाच्या पडवीत उतरली. बाकी गाडी संध्याकाळच्या आत पुण्याला पोचली. मी वर गेले तेव्हा हिराताई वहीत ‘बासष्ट’च्या पुढे ‘शंभर’ लिहीत होती. "डबा तसाच राहिला," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. बरं वाटलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती आजवर शंभर वेळा ऐटीत सांगितली असती.

आठवड्याने हेड ऑफिसातून एक डायरेक्टर चौकशीला आले. टेबलापलीकडे ते, बाजूला कर्णिकसाहेब, समोर हिराताई, आणि रजिस्टर घेऊन मी. डायरेक्टरांनी विचारलं, न वाचता चिठ्ठी कोणी दिली? साहेब म्हणाले, "चिठ्ठी नाखवाबाईंची आहे." अक्षर न् अक्षर खरं होतं ते. हिराताईने आपणहून वही पुढे ठेवली. वही दाखवली नसती तर कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं.

"बासष्ट टक्क्यांवर का उठलात?"

कर्णिकसाहेब पेनाचं टोपण बघत होते. हिराताईने एकदाच माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हती ती. नुसतं बघितलं. मी सगळं ऐकलं होतं, हातभर अंतरावरून. पण माझं कायम होण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं, आणि लग्न महिन्यावर आलं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"उठायला नको होतं," हिराताई म्हणाली.

पहिल्या तारखेपासून ती पॅकिंगला गेली. माझं पत्र त्याच आठवड्यात आलं. कॉम्प्युटर रूममध्ये एक पदवीधर मुलगा बसला, हुशार होता, त्याचे आकडे माझ्यासारखेच असायचे. पॅकिंगच्या दारावरून जाताना मी पावलं उचलायची. एकदा तिने आतून हाक मारलेली मी ऐकली नाही असं दाखवलं. वर्षभराने मी दुसरी नोकरी धरली.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी ती मला कल्याणला एका हॉस्पिटलात दिसली. माझे सासरे वरच्या मजल्यावर होते. खालच्या जनरल वॉर्डात एका खाटेशी ती उभी होती, केस बरेच पिकलेले, चष्मा आलेला. खाटेवर तिचा भाऊ. नर्स सलाईन लावायला आली होती आणि हिराताईने बाटली तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली होती. लेबलावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती, ओठ हलत होते. नर्स कंटाळून म्हणाली, "मावशी, द्या ना, बरोबर आहे." हिराताईने शेवटची ओळ वाचली, मग बाटली दिली. आणि मला बघितलं.

"शुभा ना गो?"

तिने मला स्टूल दिलं. भावाचं सांगितलं, माझ्या मुलीचं विचारलं. तक्रारीचा एक शब्द नाही. मला ते सहन होईना.

"हिराताई," मी म्हटलं, "त्या चौकशीच्या दिवशी... साहेबांनी तुम्हाला उठवलं ते मी..." पुढचं काही केल्या येईना. मी पिशवी उचलली. "जाऊ द्या, जुन्या गोष्टी. निघते मी, वर सासरे वाट बघत असतील."

ती बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली,

"किती टक्क्यांवर उठतेस?"

मी पिशवी खाली ठेवली. बसले. आणि सांगितलं सगळं: हातभर अंतर, टेबलावरचं पत्र, गुळणी, ती हाक जी मी ऐकली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता जा. सासरे वाट बघत असतील."